चाळीस खोडांची साल

वोलारी, ९ जून

प्रिय लीदाताई,

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? माझं बरं चाललंय. पोस्टातल्या तेरेझाच्या हाती तू भाजून धाडलेली गोड कोलाचं पोचली. सोबत चिठ्ठी नव्हती. पण खसखशीची होती, माझ्या आवडीची, म्हणून लिहायचा धीर झाला.

तेरेझाकडून कळलं, की ओढ्यावरच्या तुमच्या पट्ट्यात तू मार्चमध्ये स्प्रूसची सहा झाडं भुंगेऱ्यांना आमिष म्हणून पाडून ठेवलीस आणि आता सोलायला माणूस मिळत नाही. व्हिलेम भावोजी असते तर दोन दिवसांत उरकलं असतं.

राखीव जंगलाच्या लोकांनी मला शनिवारी भाषणाला बोलावलंय. जंगलातली तोड थांबवायला आम्ही रस्ता अडवला, त्या नाकेबंदीला सतरा वर्षं झाली. मी पुन्हा त्याच अडसरावर चढून बोलावं, असं त्यांना वाटतं. सांगण्यासारखं आहेही. आत जा आणि बघ, ताई. करड्या, वाळल्या खोडांखाली कमरेएवढी रोपं दाटली आहेत. कोणी लावली नाहीत. आतलं उभं झाड तोडू नका, असं मी ओरडत होतो, ते खरं होतं. आजही छातीवर हात ठेवून तेच म्हणेन.

पण तुमचं रान आत नव्हतं. हद्दीच्या बाहेर, उतारावर होतं. भावोजींच्या वडिलांकडून सरकारने घेतलेलं आणि चाळीस वर्षांनी परत दिलेलं. ते भुंगेऱ्यांनी पोखरून दोन उन्हाळ्यांत तांबडं, मेलेलं झालं. ओढ्यावरचा पट्टा तेवढा उरला.

हद्दीवर आमिषाची चाळीस खोडं पडली होती. ती आधीच तोडलेली. त्यांना वाचवण्यासारखं काही नव्हतं. भुंगेरे उभ्या झाडांऐवजी त्यांत शिरले होते. अळ्या पांढऱ्या आहेत तोवर साल सोलली की सगळं संपतं. उशीर झाला की तेच आमिष भुंगेऱ्यांचं पाळणाघर होतं.

नाकेबंदीच्या सतराव्या दिवशी तू अडसरापाशी आलीस. हातात सोलायचं पातं. तिघांना आत सोड म्हणालीस, करवत नाही, काही नाही. मी वरून लोकांना म्हणालो, "माझ्या ताईला बटाटे सोलायची सवय, आता जंगल सोलायला निघाली." सगळे हसले. तू हसू ओसरेपर्यंत थांबलीस आणि हळू आवाजात म्हणालीस, "ओता, खाली उतर. दोनच दिवस दे."

मी उतरलो नाही. त्यानंतर आम्ही आणखी तीन आठवडे रस्ता अडवला; तोवर भुंगेरे खोडांतून उडून तुमच्या रानात शिरले.

पुढे भावोजींना मी सांगितलं, की खोडांचं एवढं निकडीचं आहे हे मला माहीत नव्हतं. ते मेलेल्या झाडांकडे बघत म्हणाले, "एवढी पुस्तकं वाचून नेमकं हेच पान राहिलं होय रे?" आणि मला घरी जेवायला नेलं. त्यांनी विश्वास ठेवला, ताई. नोव्हेंबरात त्यांना मातीत ठेवलं तोवर ठेवला असेल. मी स्मशानात मागच्या रांगेत होतो. तुझ्याजवळ यायला पाय उचलला नाही, तो यामुळे.

मला माहीत होतं.

तू आलीस त्याच दिवशी सकाळी मी खिशातल्या चाकूने एका खोडाची साल उचकटून पाहिली होती. अळ्या पांढऱ्या होत्या. जेमतेम दहा दिवस हातात होते, हे मला तुझ्याइतकंच कळत होतं. पण पातं आत सोडलं की लोक म्हणतील, ओताकर घरच्यांपुढे नमला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाले यायचे होते. माझ्यामागे एवढी माणसं पहिल्यांदाच उभी होती आणि ती मला जंगलापेक्षा प्यारी झाली. तत्त्व वगैरे नंतर सुचलं.

भाषणाला नाही म्हणून कळवलंय. शनिवारी पहिल्या बसने तुझ्याकडे येतो. पात्याला धार लावली आहे. तुझ्या फाटकाशी उभा राहीन, तोंड उघडणार नाही. आत घेतलंस तर सहाही खोडं सोलून जाईन. नाही घेतलंस तर तक्रार नाही. पातं फाटकाला अडकवून परत फिरेन. मग दुसऱ्या कुणाकडून तरी सोलून घे, पण दोन-चार दिवसांत घे. अळ्या अजून पांढऱ्या असतील.

सतरा वर्षांनी खाली उतरलेला,
तुझा ओता