बिस्किटांच्या डब्यातली तीन मिनिटं

मी, ओर्ट्रून फेल्टेन, वय अठ्ठावन्न, राहणार हाले, जर्मनी, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. फुप्फुसांबद्दल डॉक्टर तसं म्हणत नाहीत. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला कोणी घरी येतही नाही.

१. राहतं घर भाड्याचं, ते घरमालकाला मिळेलच. बँकेत असेल ते भाची फ्राउके हिला. संस्कृत पुस्तकं मी शिकले त्या विद्यापीठाला. दानाचे प्रकार मी तिथंच पाठ केले. रुसवा कोणाला द्यावा, याचा नियम मात्र कुठल्याच ग्रंथात सापडला नाही.

२. आमची चित्रपट कंपनी म्हणजे मागच्या अंगणातल्या दोन खोल्या, मी आणि एकबर्ट झाउअर. सत्तावीस वर्षं, अकरा चित्रपट. कात्री दोघांनी मिळून लावायची, हा नियम. तो एकदाच मोडला. माझा निम्मा हिस्सा, संकलनाचं टेबल आणि गळकी किटली गेझीने पोल हिला. कोपऱ्यावरच्या चित्रपटगृहात तिनं आमचे सगळे चित्रपट लावले. दोनेक तर एकटीनंच पाहिले.

३. शहरातलं जुनं धुलाईघर बंद झालं, त्यावरचा आमचा चित्रपट टीव्हीवाल्यांना साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटांचा हवा होता. तीन मिनिटं जास्त होती. मी बहिणीकडे गेलेली असताना एकबर्टनं ती कापली. तीही, काटकसर म्हणून, वेगळी प्रत न काढता थेट मूळ निगेटिव्हमधून. त्या तीन मिनिटांत तिथंच काम करणारी त्याची आई हेडविग एका चादरीला इस्त्री करते, घडी घालते आणि आमच्याकडे बघून विचारते, "झालं का रे तुमचं?"

"त्यात काही घडतच नाही," एकबर्ट म्हणाला. पुढच्या वर्षी ती वारली. तिचं दुसरं हलतं चित्र नाही. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांना पुन्हा अहो-जाहो करतो. आमच्याकडे आदळआपट एवढीच.

४. तो तुकडा कचऱ्यात गेला, असं एकबर्ट समजतो. मी तो टोपलीतून उचलून सोळा वर्षं बिस्किटांच्या डब्यात ठेवला आहे. माझ्या मृत्यूनंतर डबा त्याला द्यावा. त्यानं आधी माफी मागावी, अशी माझी अट होती. ती त्याला कधी सांगितली नाही, हा दोष माझा.

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. तरी मी आज गेझीनेला आणि एकबर्टला बोलावलं. त्यानं चौथं कलम दोनदा वाचलं.

"अहो, हे खरं आहे?"

"कपाटावर आहे. खुर्ची घ्या, गुडघा सांभाळा."

"दर नाताळला मी तुम्हाला बिस्किटं पाठवतो, आणि तुम्ही..."

"डबाही तुमचाच आहे. बिस्किटं कडक होती."

गेझीने खोकली. हसली असावी.

एकबर्टनं फीत खिडकीशी धरली. बराच वेळ बघत राहिला. "निगेटिव्हमध्ये आईचे पांढरे केस काळे दिसतात," म्हणाला. "तरुण दिसते."

"पुन्हा जोडताना दोन्ही टोकांची एकेक चौकट जाईल," मी सांगितलं.

"जाऊ दे." त्यानं चष्मा पुसला. "मी तेव्हा तुला विचारायला हवं होतं. टेबल चालू आहे का गं?"

५. कलम चार रद्द. डबा आजच दिला. यापुढं तो चित्रपट साडेएक्क्याण्णव मिनिटांचाच दाखवावा, दोन चौकटी कमी.

हाले, १४ नोव्हेंबर २०१९
ओर्ट्रून फेल्टेन

आमच्यासमोर सही झाली:
गेझीने पोल
एकबर्ट झाउअर (सही त्याला जिन्यातून परत बोलावून घेतली, तो टेबलाकडे निघाला होता.)