तिसरं पाणी

सूनबाई,

तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. नर्सबाईने घातलेल्या कपाळावरच्या टाक्यांना पाणी लागू देऊ नकोस.

रानकांदे कडू राहिले यात माझाही दोष आहे. कडूपणा जायला तीनदा पाणी बदलून उकडावे लागतात; तू ते दोनच पाण्यांत उकडून उतरवलेस, हे मला दिसत होतं. पण दुपारपर्यंत माझं मौनव्रत, म्हणून गप्प बसले. माझ्या लेकाने पातेलं तुझ्या कपाळावर हाणलं, तरी तोंड उघडलं नाही. त्याने ते पुन्हा उचललं, तेव्हा मात्र “हात खाली कर, मेल्या!” म्हणून ओरडले आणि मुसळ त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडलेलं ऐकू आलं.

शेजारी त्याला दवाखान्यात घेऊन गेलेत. मी पोलिसांत चाललेय. दोन वर्षं गप्प राहून जे पाहिलं, ते सगळं सांगणार आहे.

कडी आतून लाव. उरलेल्या कांद्यांना तिसरं पाणी दे, मग खा. त्यांची फुलं आज देवाला वाहिली नाहीत, तुझ्या उशाशी ठेवलीत.

आई