दहा मिनिटं

ताई,

परवा बाबांच्या तेराव्याला काका मला टाकून बोलले, तेव्हा तू माझी बाजू घेतलीस. "यंत्र बिघडलं, त्याला तो काय करणार?" म्हणालीस.

यंत्र बिघडलं नव्हतं, ताई. बाबा न्हाणीघरात पडले, ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं. तू शेजारच्याच घरात होतीस. पण कुणी नुसतं खाली बसलं तरी यंत्राचा घरच्यांना फोन जातो म्हणून गिऱ्हाइकं वैतागली होती. दहा मिनिटं थांबायचं, माणूस उठला नाही तरच घरच्यांना फोन करायचा, हा नियम माझा. आमच्या इंजिनियर बाई नको नको म्हणत होत्या. "कंपनी कोण चालवतं, तुम्ही की मी?" असं मी त्यांना सुनावलं. त्या वर्षी तक्रारी निम्म्यावर आल्या, माझा सत्कार झाला. तो फोटो बाबांनी उशाशी लावला होता.

आईसाठी तू नवं यंत्र मागितलंस. हे पत्र त्याच खोक्यात घालणार होतो, पण खोकं मघाशी गेलं आणि पत्र माझ्या हातातच राहिलं.

आईच्या यंत्रातली दहा मिनिटं मी स्वतः बसून काढून टाकली आहेत. फक्त आईच्या.

तुझा,
धाकटा