बुडालेल्या बाईचा रंग

१४ ऑक्टोबर २००६, शनिवार
हॅलोवीनची पहिली ट्रायल. ईलिंगच्या पार्टीला माझी मैत्रीण तन्वी बुडून मेलेली बाई होऊन जाणार. तिचा आणि माझा रंग जवळजवळ एक, म्हणून ट्रायल माझ्याच चेहऱ्यावर. दुकानातला पांढरा फेस-पेंट आपल्या कातडीवर जांभळट राखाडी दिसतो. मेलेलं कुणी वाटत नाही, पीठ सांडल्यासारखं वाटतं. दिवसभर लॅबमध्ये भिंतींच्या रंगाच्या शेड जुळवते, तर हे जमायलाच हवं. फाउंडेशन, कॉर्नफ्लोअर, थोडा पिवळा, लाली मारायला हिरव्याचा ठिपका. चौथ्या मिश्रणाला जमलं. रक्त नसलेली कातडी.

नुसता बेस झाला होता. डोळ्यांखालचा निळा, ओठांचा करडा बाकी. तेवढ्यात वहिनी खोलीत आल्या आणि बघतच राहिल्या. "अगं सायली, किती छान दिसतेस आज." मी लंडनजवळ स्लाऊला दादा-वहिनींकडे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. नवा कॅमेरा आणून फोटोही काढला. वाटलं, मेकअप आवडला.

१९ ऑक्टोबर, गुरुवार
दादाच्या रेवाचा हॅलोवीनचा पोशाख, घुबड. दादाचा जुना तपकिरी कॉर्डरॉयचा शर्ट, त्यावर फेल्टची पिसं. खालच्या ओळीपासून शिवत वर जायचं, म्हणजे एकावर एक नीट बसतात. रेवा शेजारी पिसं कापत होती. सात वर्षांच्या मानाने हात स्थिर.
"आत्या, ब्राऊनच का? व्हाइट आऊल पण असतं ना."
असतं. पण शर्ट तपकिरी आहे, म्हटलं.

२४ ऑक्टोबर, मंगळ. भाऊबीज
दादाला ओवाळलं. चकली खाता खाता त्याने सांगितलं, रविवारी पिनरचे लोक तुला बघायला येताहेत. मुलगा बँकेत आहे, आईबरोबर येईल. फोटो आवडलाय त्यांना.
कुठला फोटो?
लॅपटॉप उघडून दाखवला. तोच.
म्हणजे बुडालेली बाई, निळा लावायच्या आधीची. त्यांनी प्रेत पसंत केलंय.

वहिनींचं म्हणणं, थोडी उजळ दिसलीस तर काय बिघडलं, पुण्यात स्टुडिओवाले तसेच करून देतात, माझाही दिला होता. खरं आहे. आईने माझेही करून आणले होते. त्या फोटोंतली मुलगी मला कधी भेटली नाही.

दादाला म्हटलं, आजच्या आज त्यांना लिही की हा मेकअप होता, आणि माझा ऑफिसच्या कार्डावरचा फोटो पाठव. तो बघून यायचं असेल तर येऊ देत.
"लिहितो गं. तू आधी शांत हो."
मी शांतच होते. आवाज चढवत नाही, म्हणून या घरात माझा राग कुणाला दिसत नाही.

२८ ऑक्टोबर, शनि.
तन्वी दुपारपासून. डोळे मिटून बसली होती, बेस लावून घेत.
"हाच ना तो पिनरवाला बेस?"
हाच.
"मग उद्या मीच येते. ओल्या केसांनी."
हसू आलं. या आठवड्यातलं पहिलं. मग निळा, करडा, केसांत शेवाळ म्हणून हिरवी लोकर. मनगटांवरही बेस, नाहीतर हात जिवंत राहतात. बसस्टॉपवर एक बाई तिला बघून बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. काम चोख झालं.

२९ ऑक्टोबर, रवि.
हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली. चार वाजताच उजेड उतरायला लागला. नुसतं तोंड धुतलं, निळा कुर्ता घातला. दार मीच उघडलं.
बाईंनी माझ्याकडे बघून हसून मान हलवली. मग माझ्या खांद्यावरून आत बघितलं.
"सायली तयार होतेय का?"
दादाने लिहिलं नव्हतं.
"मीच सायली."
त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, आता त्याचं काय करावं ते कळेना. मागून वहिनी फ्लॅशचं काहीतरी सांगू लागल्या. मी म्हटलं, फ्लॅश नाही. तो प्रेताचा बेस होता, मैत्रिणीच्या कॉश्च्यूमसाठी. मुलगा एकदम हसला. कशाला, ते कळलं नाही, आणि त्याच्या आईने बघितल्यावर थांबला.

फराळ झाला. हवेबद्दल बोलणं झालं. माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं नाही. रेवा जिन्यात बसून सगळं ऐकत होती.
ते गेल्यावर दादा म्हणाला, सांगायची काय गरज होती?
तुला लिहायची होती, म्हटलं.
उरलेल्या बेसची डबी कचऱ्याच्या बिनमध्ये टाकली. झोपताना रेवाने विचारलं, "त्या आंटीने तुला का नाही ओळखला?" दमलेय म्हटलं. उत्तर द्यायला हवं होतं.

३१ ऑक्टोबर, मंगळ.
पिनरहून निरोप नाही. दादा फोनकडे बघतो, मग माझ्याकडे.

लवकर घरी आले. रेवा शाळेतून आलेली. घुबडाचा रंग लावायच्या आधी तिचं तोंड पुसायला ओला कापूस घेतला, गालावरून फिरवला. कापसाला रंग आला. तो रंग मी कुठेही ओळखीन.
डबी तिने बिनमधून काढली होती. कानामागे, मानेपर्यंत नीट मिसळला होता, कड कुठेच दिसत नव्हती. माझं बघून शिकली. दिवसभर शाळेत तशीच.
"आईला माहितेय?"
"नाही. आई म्हणाली, आज किती फ्रेश दिसते माझा बाळ."

खाली बेल वाजत होती. वहिनी दारात येणाऱ्या मुलांना चॉकलेटं देत होत्या, आवाज गोड. तो कापूस नेऊन त्यांच्या वाडग्यात ठेवावा असं वाटलं. कापूस बशीत ठेवला.

एक गाल पुसलेला, एक तसाच. रेवाने आरशात आधी इकडे मान वळवली, मग तिकडे. विचारलं, दुसरा पुसू?
"थांब ना आत्या. बघतेय मी."
पिसांचा शर्ट खुर्चीवर. दादाने खालून हाक मारली, बाकीची मुलं निघाली म्हणून. तिने पुन्हा इकडे मान वळवली, मग तिकडे. मी बशीतला कापूस उचलून थांबले.