मी एकट्याने गिअरबॉक्स बसवतो

९ मार्च, रविवार
गाडी गेली. म्हणजे आहे तिथेच आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. फक्त गिअरबॉक्स गेला. दत्ताराम मेकॅनिकला फोन केला. तो शिमग्याला कणकवलीला. म्हणाला, पालखी घराक येऊन गेली की येतंय, तोपर्यंत गाडयेक हात लावू नको. सगळ्यांनाच सांगत असणार. धंदा आहे त्याचा.

नीलमताईची तारीख पंचवीस. बाळंतपणाला ती आमच्याकडे कांदिवलीला आलीय, दाजी नाशिकला. हॉस्पिटलला मी गाडीने नेणार, हे मी डोहाळजेवणात सगळ्यांसमोर सांगून बसलोय. तेव्हा ठरलं. गिअरबॉक्स मी बसवणार. एकट्याने. मोबाइलवर व्हिडिओ आहे, बावीस मिनिटांचा. आपण दोन दिवस धरू.

बाबा म्हणाले, आयटीआय किती दिवस केलंस? म्हणालो, पाच महिने. म्हणाले, त्यातले हजेरीचे किती? मूळ विषय सोडून बोलायची सवय आहे त्यांना.

१० मार्च, सोमवार
कुर्ल्याहून सेकंडहँड गिअरबॉक्स आणला. गोणपाटात गुंडाळून, रिक्षात पायाशी. झकास पीस. वाटेत अंधेरीला एका स्टुडिओबाहेर शूटिंगला गर्दीतली माणसं हवी होती. रिक्षा सोडली, उभा राहिलो. चार तास. कोणीतरी ओरडलं, तो गोणीवाला मागे घ्या रे. म्हणजे नजरेत भरलो होतो.

११ मार्च, मंगळवार
कामाचा व्हिडिओ काढायचा तर चॅनेल हवं. नाव: एकहाती गॅरेज. लोगोत पाना आणि मूठ. मूठ जमत नाही, बटाट्यासारखी दिसते. दिवस त्यात गेला, पण पाया पक्का हवा.

१२ मार्च, बुधवार
सकाळी दहाला सुरुवात. गाडी जॅकवर, पुढची दोन्ही चाकं काढली. साडेदहाला शेजारचे विद्याधर काका टाय लावून खाली आले. त्यांची गाडी आमच्या मागे, भिंतीकडे. नेहमी मी गाडी न्यूट्रलला ठेवतो, हँडब्रेक लावत नाही, आमचा वॉचमन धोंडिराम ती ढकलतो आणि काकांची बाहेर काढतो. आज ढकलायला चाकं नव्हती. काका म्हणाले, प्रितम, मी कसा जाऊ रे? म्हणालो, काका, फक्त आजचा दिवस. ते रिक्षाने गेले. समजूतदार माणूस.

१३ मार्च, गुरुवार
होळी. होळीला कोण काम करतं?

१४ मार्च, शुक्रवार
धुळवड. हात रंगलेले. पार्टना रंग लागला तर वाट लागेल, म्हणून गोराईला गेलो.

१५ मार्च, शनिवार
गोराईहून आलो.

१६ मार्च, रविवार
गाडीतला जुना गिअरबॉक्स बाहेर काढला! एकट्याने! धोंडिरामने फक्त जॅक धरला. बाबांनी उजेडाला बॅटरी धरली. काका गाडीची चौकशी करायला आले होते, त्यांनी गिअरबॉक्स पडताना एका बाजूने धरला. धरणं म्हणजे मदत नव्हे.

ऑइल आधी काढायचं असतं, हे व्हिडिओत अकराव्या मिनिटाला आहे. मी नवव्यापर्यंत पाहिलं होतं. काका ऑइलमध्ये भिजलेली चप्पल तिथेच सोडून अनवाणी गेले. पाच दिवस रिक्षाने फिरतोय, एवढंच म्हणाले. सुट्ट्या वजा केल्या तर तीनच होतात.

१८ मार्च, मंगळवार
गाडीखाली आडवा होऊन कुर्ल्याचा गिअरबॉक्स छातीवर घेतला. व्हिडिओतला माणूस असाच घेतो. त्याचा वर जातो. माझा छातीवरच राहिला. आईने वरून हाक मारली, जेवायला ये रे. म्हणालो, येतो. अर्ध्या तासाने पुन्हा हाक. म्हणालो, विचार करतोय. शेवटी धोंडिराम चहा पिऊन परत आला आणि त्याने उचलला. म्हणाला, दादा, आवाज तरी द्यायचा. मी दिला होता, पण आतल्या आत.

१९ मार्च, बुधवार
बसला!! सगळे नटबोल्ट आवळले. तीन उरले. कंपनी जास्तीचे देत असणार. चावी फिरवली, इंजिन चालू. गिअर पडत नाही. बाकी सगळं झकास.

ताई जिन्यावर बसून बघत होती. म्हणाली, प्रितम, खरं सांग, मी रिक्षाचं बघून ठेवू का? मला लागलं ते. म्हणालो, भावावर विश्वास नाही का गं? ती म्हणाली, तुझ्यावर आहे रे, हातातल्या त्या तीन बोल्टांवर नाही. उद्या पुन्हा उघडणार. पंचवीसला अजून सहा दिवस आहेत.

२१ मार्च, शुक्रवार
सकाळी पावणेसातला ताईला कळा सुरू. चार दिवस आधी! यात माझी चूक नाही.

गाडी अजून जॅकवरच, चाकं काढलेली. काका पायजम्यातच धावत आले, चावी हातात. म्हणाले, चला, माझ्या गाडीतून नेतो. मग आम्ही चौघांनी त्यांच्या गाडीकडे पाहिलं. मग माझ्या गाडीकडे. 

मी म्हणालो, उचलून बाजूला ठेवू. बाबा, काका, धोंडिराम आणि मी. एक, दोन, तीन. गाडी वीतभर सरकली. पुन्हा एक, दोन, तीन. चौथ्या तीनला तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी सांगितलं की आई ताईला घेऊन मघाशीच रिक्षाने गेली.

बाबा चप्पल न घालताच गेटकडे पळाले. मागे वळून मला काहीच म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

दुपारी १२
मुलगी. सव्वानऊला. दोघी ठीक. मी हात पुढे केले, तर नर्स म्हणाली, हे काय? म्हणालो, ग्रीस. तिने दाराबाहेर काढलं. साबणाने तीनदा धुतले, रॉकेलने एकदा. नखांतलं जात नाही.

२३ मार्च, रविवार
दत्ताराम काल गावाहून आला, आज सकाळी इथे. खाली वाकला, विचारलं, क्लच प्लेट कोणी बसयल्यान? म्हणालो, मी, एकट्याने. म्हणाला, उलटी हा. परत सगळा खाली काढूक व्हया. चॅनेलवर अजून एकही व्हिडिओ टाकलेला नाही, एक बरं.

त्याने आधी चाकं लावली, आमची गाडी ढकलून बाहेर रस्त्यावर काढली. बारा दिवसांनी काकांची गाडी निघाली. काका सरळ हॉस्पिटलला गेले, आज डिस्चार्ज होता. बाबांना घेऊन गेले, येताना ताई, बाळ, आई. मला जागा नव्हती. मी गेटवर उभा राहिलो.

गाडी आत आली. ताईने काच खाली केली, बाळाचं तोंड माझ्याकडे वळवलं. म्हणाली, बाळा, हा तुझा मामा. याच्या गाडीतून कुठे जायचं असेल तर आधी चालायला शीक.

काकासुद्धा हसले. मी मोबाइलवर पाहिलं. मुलं साधारण वर्षाने चालतात. म्हणजे वेळ आहे.