खाजणातली सात घरं

नाना, तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली. आज बोलायचंय ते त्या खाजणाबद्दल. सरकारी मोजणीदार म्हणून तुम्ही अमळनेरहून समुद्राकाठी नकाशा काढायला जायचात आणि दिवाळीला परतायचात, तेव्हा पायांच्या भेगांत तिथला चिखल वाळलेला असायचा. समुद्र घरात दुसऱ्या कुणीच पाहिलेला नव्हता. स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून सांगताय: भरती आली की वाट बुडते, मोजायची साखळी डोक्यावर घेऊन गळ्याएवढ्या पाण्यातून यावं लागतं. त्या दलदलीत एका उंचवट्यावर सात घरं होती. त्यांनी तुम्हाला महिनाभर प्यायचं पाणी दिलं. नकाशात मात्र ती आली नाहीत. साहेब म्हणाले, कुडाच्या झोपड्या दाखवायच्या नसतात. "घरं शेतस, पन नकाशामा नहीत," तुम्ही आईला म्हणालात आणि ताटावरून उठलात. मोजणीच्या वहीत मात्र प्रत्येक घर तुम्ही घरधन्याच्या नावासकट लिहिलं होतं. त्या पानावर मी पेन्सिल फिरवली तर केवढे ओरडलात! तसे माझ्यावर कधीच ओरडला नव्हतात.

गेल्या उन्हाळ्यात तिथला एक म्हातारा अमळनेरला विचारत विचारत जळगावला माझ्या दारात आला. बंदराच्या रस्त्यासाठी वस्ती उठवायची नोटीस लागली होती. "नकाशात आम्ही नाही, म्हणून आम्ही काल आलेले ठरलो," तो म्हणाला. "मोजणीदार साहेबांना माझ्या बापाचं नाव वहीत लिहिताना मी बघितलंय, बाई. ती वही तेवढी द्या." मी त्याला चहा दिला, कपाट उघडलं, एकेक खण उपसला, माळ्यावरची ट्रंकसुद्धा काढली. तो उभ्यानेच बघत होता. "सापडली की कळवते," म्हटलं. त्यानंतर तीनदा त्याचा फोन आला; तिन्ही वेळा मी "शोधतेय" म्हणाले. पावसाळा सरल्यावर त्याच्या सुनेचा आला. घरं पाडली. म्हातारा आता तिच्या माहेरी पडून असतो, कुणाशी बोलत नाही. वहीचं तिने विचारलंही नाही.

नाना, वही घरात नव्हतीच. आई गेल्यावर अमळनेरचं घर रिकामं करताना तुमच्या सगळ्या वह्या मीच रद्दीवाल्याला दिल्या. उघडूनही पाहिल्या नाहीत. त्या माणसासमोर कपाट उपसत होते, तेव्हाही मला ते माहीत होतं.