बाईसाहेबांचं इंजिन

३ फेब्रुवारी

इंजिन मूळचं नाही म्हणे!

गाडीची किंमत ठरवायला आलेला गृहस्थ टॉर्च घेऊन अर्धा तास बॉनेटखाली वाकला. वर येऊन म्हणाला, कारखान्याने ठोकलेल्या पाटीवर इंजिनचा एक नंबर आहे, प्रत्यक्ष इंजिनवर दुसरा. कधीतरी बदललेलं आहे. किंमत निम्म्यावर येणार.

निम्मी तर निम्मी. लेकीकडे राहायला जायचं ठरलंय, तिथे गाडीला जागा नाही, विकायची आहेच. पण जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात हे एकेचाळीस वर्षं छाती पुढे काढून सांगत आले — जशी कारखान्यातून निघाली तशीच आहे, एक स्क्रू परका नाही. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले नाहीत, तोवर कोणीही उठून ह्यांना खोटं पाडायचं?

टॉर्चवाल्याला सांगितलं, माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नव्हतं. बोलायला गेले की कान लाल व्हायचे. तो म्हणाला, "मॅडम, फॉर्ममध्ये कानांचा रकाना नाही."

आगाऊ!

५ फेब्रुवारी

गाडीला ह्यांच्याशिवाय हात लावणारा एकच. मिस्त्री. सकाळीच त्याच्या गॅरेजवर गेले आणि चार माणसांत विचारलं, आमचं इंजिन कुठे विकलंत?

तो हात पुसत राहिला. आता सत्तरीचा आहे, पाठीत वाकलाय. शेवटी म्हणाला, "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. हा तर बोंबसुद्धा मारत नाही!

६ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी

मिस्त्रीला पुराव्यानिशी पकडावं म्हणून ह्यांच्या कपाटातून गाडीचं पुस्तक काढलं. शेवटच्या पानावर शिक्का — इंजिन बदलल्याची नोंद, नवा नंबर. खाली सही. ह्यांची. तो 'र'चा मोठा फराटा मी हजारात ओळखेन.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. सव्वीस वर्षं.

आणि तारीख? आई गेली त्याच महिन्यातली! मी तिकडे आईसाठी रडत होते आणि इकडे हे माझ्या पाठीमागे इंजिन मोडीत काढत होते. वर दर वर्षी मेळाव्यात तेच भाषण. कान लाल झाले असतील, मी टोपीखाली पाहिले नाहीत इतकंच.

गाडीला 'बाईसाहेब' म्हणायचे. घरात दोन बाईसाहेब, म्हणायचे, एक ठिणगीवर चालते, दुसरी स्वतःच ठिणगी. मी हसायचे. दोघींपैकी एकीलाच खरं माहीत होतं.

शाळेत खोटं बोलणाऱ्याला सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या. ह्यांच्या फोटोचं तोंड भिंतीकडे केलं.

९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. फोटो उलटा केल्याचं सांगितलं. म्हणाली, आई, बाबा गेलेत, आता तरी त्यांना शिक्षा नको. मी फोन ठेवला.

भिंतीवर फोटोची पाठ. वर ह्यांच्याच हातचा खिळा, वाकडा.

११ फेब्रुवारी

टॉर्चवाल्याने फॉर्म पाठवला. घेणारा कमी किमतीत तयार आहे, पण त्याला सगळं लेखी हवं. एक रकाना — 'इंजिन बदलण्याचं कारण'.

कारण सांगणारा भिंतीकडे तोंड करून बसलाय. उरला मिस्त्री. म्हणजे आधी माफी मागणं आलं. मला ते कधी जमलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

मागितली. चार माणसांत आरोप केला होता, म्हणून चार माणसांतच.

मिस्त्रीने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. कारण मात्र सांगेना. साहेबांना शब्द दिलाय, म्हणाला. मी म्हटलं, साहेब खोटारडे होते हे मनात धरून मी मरू का?

तेव्हा तो बोलला. कपाकडे बघत.

"वहिनी, आईंचं जास्त झालं म्हणून निरोप आला होता. साहेब बाहेरगावी होते. तुम्ही एकट्या गाडी घेऊन गेलात. आठवतं?"

आठवतं. दारात पोचले आणि गाडी बंद पडली. मागे वळूनही पाहिलं नाही, धावत आत गेले. आईने ओळखलं. माझ्या नावाने हाक मारली. तासाभराने गेली.

"रेडिएटर वाटेतच फुटला होता. पाण्याचा टिपूस नव्हता. काटा लालच्या पलीकडे गेला असणार. इंजिन आतून वितळून चिकटलं, काही उरलं नव्हतं."

मला ह्यांनी सांगितलं होतं, पाण्याचा पाइप गेला, बदलला. मी ह्याच मिस्त्रीला झापलं होतं — एका पाइपाला तीन आठवडे? आणि नंतर सगळ्यांसमोर ह्यांना चिडवत आले, तुमच्या बाईसाहेब माझ्या हातात कधी कुरकुरल्या नाहीत, पाइप गेला तरी दारात पोचवूनच थांबल्या. हे हसायचे. मान खाली घालून.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

मिस्त्री म्हणाला, "मीही तेच म्हटलं. साहेब म्हणाले, तिला आई भेटली. त्याच्यावर हे ओझं नको."

१३ फेब्रुवारी

फॉर्म भरला. कारण: चालवणारी वाटेत थांबली नाही.

फोटो सरळ करायला गेले. मला पाहून हसतील, या भीतीने तशीच उभी राहिले. भिंतीकडे तोंड करून.